रखुमाई कुठल्या अंगाला

कर्जत, दसऱ्याचा दुसरा दिवस, सन १९२७

चिरंजीव ......... यास आयेचा आशीर्वाद.

आशीर्वाद द्यायची रीत हाय म्हणून दिला. पोटात राग हाय तो वेगळा.

नावाच्या जागी टिंबं बघून हसू नको. लिहिणाऱ्याची अडचण हाय. पाकिटावरचं नाव पोस्टातल्या कारकुनाकडून घालून घेतलं. तू शाळा शिकलेला, मुंबईत छापखान्यात बसणारा. तुला न सांगता कळायला पायजे.

आता मुद्द्याचं. काल खालापूरहून मालोजी आलता, तुझा मेव्हणा. सोनं द्यायला आला, ओट्यावर बसला, पाणी प्याला, आणि मी त्याच्या बायको-पोरांचं इचारायच्या आधीच म्हणाला, "विहीणबाई, बहीण मी नांदायला दिली, तुमचे रंग घोटायला नाय. दोन वर्सं झाली. जावई साजगावच्या जत्रेला आले, तिला मुंबईला घेऊन गेले, तर मी हात जोडतो. नाय आले तर बहीण मी घरी नेणार. आपल्या जातीत पाटाची रीत हाय, दुसरं घर करून देईन, ती जन्मभर बसून राहायची नाय."

मी काय बोलायचं? तरी बोलले. म्हटलं, "तो येणार हाय. शिमग्याला शब्द देऊन गेलाय, जत्रेला येतो आणि सोनाला घेऊन जातो." मालोजी म्हणाला, "कुठल्या शिमग्याला?" तुझी बाजू घेऊन घेऊन माझ्या तोंडाचं पाणी पळालंय रं! आईनं खोटं बोलावं तरी किती? त्याला काय हद्द हाय का नाय?

सोना आत चुलीशी होती. तिनं सगळं ऐकलं. भाकरी थापायची थांबली नाय, पण ती भाकरी करपली.

इथलं काम म्हणशील तर जोरात हाय. विठोबा-रखुमाईच्या जोड्या तयार होतायत. रेघ आता सोनाच मारते, माझा हात कापतो. मी नुसते रंग भरते. रखुमाईचं तोंड मात्र मी तुझ्या लग्नापासून एकच काढते, सोनाचं. तेच सरळ नाक, तीच हनुवटी. तिला कधी सांगितलं नाय. आज सांगितलं, म्हंजे सांगावं लागलं, कारण हे ऐकून लिहिणारं माणूस थांबलं आणि माझ्याकडं बघत बसलं.

सीझनला माथेरानला गेलो होतो. घोड्यांच्या तळाजवळ चित्रं मांडली. एका पारशिणीनं इचारलं, "बाई, हा देव कमरेवर हात ठेवून का रागावलाय?" म्हटलं, "माझ्या पोरावर रागावलाय." तिला वाटलं मी मस्करी करते. हसत हसत चित्र घेऊन गेली.

जत्रेत आपली जागा तीच, देवळातून उतरल्यावर सुक्या मासळीच्या अंगाला. तू ये. येताना काय आणू नको. बोलायला तोंड आण. तिच्याशी बोल आणि तिला ने. एवढंच मागणं हाय.

लिहिणारं माणूस म्हणतं शिव्या लिहिणार नाय. तर दोन शिव्या मी इथं तोंडानं दिल्या, त्या तू समजून घे.

तुझी आये,
अंबाबाई चितारी


साजगाव, जत्रेत, पालाखाली बसून

चिरंजीव ......... यास.

आशीर्वाद नाय. ह्या खेपेला नाय.

तू आला नायस. तुझं काम आलं. आमच्या बरोब्बर समोर, रस्त्याच्या पल्याड, दोरी बांधून, चिमटे लावून, वाऱ्यावर फडफडत! मी उठून बघायला गेले. विठोबा माझा. महिरप माझी. रखुमाईची नथ माझ्या सासूनं काढायची तशी, गालाच्या खाली उतरणारी. आणि तोंड सोनाचं! छापलेलं, चकचकीत, एकासारखं एक. खाली ठसठशीत अक्षरं, साजगावची विठोबा-रखुमाई, आणि चित्रकार म्हणून तुझं नाव. अक्षरं सोनानं वाचून दाखवली. तुझं नाव आलं तिथं ती नुसतं बोट ठेवून थांबली.

चोरलंस ते चोरलंस. पोरगं आईच्या फडताळातलं चोरतं, त्याची पोलिसात वर्दी देत नाय कुणी. पण अरे गाढवा, रखुमाई कुठल्या अंगाला उभी केलीस? विठोबाच्या उजव्या अंगाला! तुझ्या आज्यानं, पणज्यानं, सगळ्यांनी तिला डाव्या अंगाला उभी केली. बायको डाव्या अंगाला. होमाला बसताना तेवढी उजवीकडं बसते, ते सोडून कवाच नाय. शेंबडं पोर सांगंल. चिताऱ्याच्या पोटी जन्मलास आणि बायको कुठं उभी राहते ते इसरलास? आता तू म्हणशील, आये, चुकून झालं. मी म्हणते, चुकून तोंडात आलेलं खरंच असतं.

मला वाटलं लोक ह्या चित्राला हात लावणार नायत. कुठलं काय! आमच्या शेजारी धोंडूबाई कोळीण बसते, बोंबलांचा ढीग घेऊन. तिनं ते चित्र पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाय, रखुमाय रुसली गं! बाजू बदललीन तिनं. विठ्यानं काय तरी केलंन असणार!" झालं. एकीनं ऐकलं, दुसरीला सांगितलं. बाया हातातलं कालवण-भाकर टाकून समोर पळाल्या. "रुसलेली रखुमाई द्या, रुसलेली रखुमाई द्या." बोंबलाच्या जुड्या काखेत आणि चित्राची गुंडाळी डोक्यावर, अशा बाया आमच्या तोंडासमोरून गेल्या. एक तर माझ्याकडं येऊन म्हणते, "मावशे, तुझी रखुमाय अजून गरीब गायीवानी नवऱ्याच्या डाव्या हाताला? तुला ठावं नाय वाटतं?" मला! मला इचारते!

आणि आता दुसरं सांगते. पहिलं त्यापुढं काय नाय.

तुझी चित्रं विकणारा मुंबईचा माणूस, सदू नाव त्याचं. दुपारी गिऱ्हाईक पांगलं तेव्हा आमच्या माठातलं पाणी मागायला आला. आमी कोण ते त्याला ठाऊक नाय. पाणी पिऊन म्हणाला, "मावशी, हातानं काढण्याचे दिवस गेले. आमच्या .........शेठना बघा (इथं तुझं नाव). छापायच्या दगडावर एकदा काढलं की हजार निघतात. नशिबाचा माणूस. आता तर पोरगं झालं. छापखान्यात पेढे वाटले. वैनींनी ओली बाळंतीण असून ह्या गुंडाळ्या आपल्या हातानं बांधून दिल्या."

सोना खाली वाकून चित्रांवरची धूळ फडक्यानं पुसत होती. ती तशीच वाकून पुसत राहिली आणि म्हणाली, "नाव काय ठेवलं बाळाचं?"

सदू म्हणाला, "बुधाजी."

तुझ्या बापाचं नाव! माझ्या नवऱ्याचं नाव, जे मी आजवर तोंडातून काढलं नाय, आत्ता बाळाचं म्हणून काढावं लागलं, ते मला पाणी प्यायला आलेल्या परक्या माणसानं सांगावं? नातू झाला हे मला जत्रेत कळावं, सुक्या मासळीच्या वासात? अरे, कुणाच्या मेल्याचा सांगावा तरी घरी येऊन सांगतात.

सोनानं सदूला आणखी पाणी हवं का इचारलं. त्याला वाढलं. तो गेल्यावर ती उठली, तुझ्या त्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली, आणि परत येऊन म्हणाली, "आत्याबाई, नाक माझंच हाय." बस. तिनं रडावं, मला बोलावं, तुला बोलावं. मला बरं वाटलं असतं.

मालोजी परवा जत्रेला येतोय. त्याला काय सांगू? तूच कळव. लगोलग कळव.

अंबाबाई


कर्जत, मार्गशीर्षातला गुरुवार

चिरंजीव ......... यास.

तुझं पत्र पोचलं. वाचलं. वाचून दाखवणाऱ्यानं शब्दन् शब्द वाचला, एक गाळला नाय. म्हणून मी पण आता काय गाळणार नाय.

तू लिहितोस, "मास्तरांना माझा नमस्कार. मास्तर माझं नाव घालायला दोन्ही वेळा विसरले." आणि खाली लिहितोस, "मास्तर, पुढचा मजकूर आईला एकटीला वाचून दाखवावा. तिच्या कानी जाऊ नये."

अरे मास्तर कुठला! कुठून काढलास मास्तर? लिहिणाऱ्याची अडचण हाय म्हणून पहिल्याच पत्रात सांगितलं. नावाच्या जागी टिंबं घातली. बाप्या माणसाला तुझं नाव लिहायला काय साप चावतो? नवऱ्याचं नाव कोण घेत नाय? एवढं उमगलं नाय तुला! स्टेशनमास्तरांच्या बाईंनी देवघराची भिंत रंगवून घेतली सोनाकडून, आणि रंग वाळेपर्यंत रोज बसवून अक्षरं शिकवली. वर्स झालं त्याला. तुला पत्र लिहायचं म्हणून शिकली ती. दुसरं काय कारण नव्हतं.

म्हंजे तुझा "पुढचा मजकूर" तिनंच वाचला. मोठ्यानं. समईपुढं बसून, एका सुरात, पोथी वाचतात तसा. "एकटीला वाचून दाखवावा" हे पण वाचलंन. मग थांबून मला म्हणाली, "आत्याबाई, मी बाहेर जाऊ?" माझ्या डोळ्यांतून टिपं आणि ओठांत हसू, दोन्ही एकदम आलं. पुन्हा तसं हसायची पाळी देव कुणावर न आणो.

काय लिहिलंस पुढं? "मुंबईचं असं झालं खरं, त्याला आता इलाज नाही. पण तिला काही सांगू नको. ती घरात राहिली तर तुझ्या म्हातारपणी हाताशी होईल. रेघ चांगली मारते. मालोजीला काहीतरी सांगून थोपव."

हाताशी! अरे, बैल हाय का ती, दावणीला बांधून ठेवायला? मालकानं दुसऱ्या गावात दुसरी जोडी घेतली, पण हा असू दे म्हातारीला पाणी ओढायला? लाज कशी वाटली नाय रं तुला? आणि खोटं बोलायचं कुणी, मी! दोन वर्सं बोलले ते पुरं नाय झालं?

रखुमाईचं लिहिलंस की दगडावर सरळ काढलं, कागदावर उलटं उमटलं, नवखा होतो, ध्यानात राहिलं नाय. अक्षरं काढणारा वेगळा, तो उलटी काढतो, म्हणून अक्षरं सुलटी आली. मालकाला दोन्ही अंगं सारखीच. वर लिहितोस की चूक फळली, लोक तेच मागतायत, तू पण आता रखुमाई उजवीकडं काढ, खप होईल. नाय काढणार. खप होऊन मी काय सोन्याची कौलं घालणार हाय? जोवर माझा हात कागदावर टेकतो तोवर ती डाव्या अंगालाच राहणार. लोकांना रुसलेली पायजे तर लोकांनी आपल्या घरातली बघावी, घरोघरी एक असंल.

आणि शेवटी मागणं करतोस, महडच्या जत्रेसाठी गणपतीचं चित्र पाठव. पाठवते! आणि तू दगडावर काढशील, तो उलटा उमटंल, डाव्या सोंडेचा उजव्या सोंडेचा होईल, आणि साध्यासुध्या माणसांच्या घरात कडक सोवळ्याचा देव जाऊन बसंल. मग कुणाच्या घरात म्हैस आटली तरी बोल माझ्या गणपतीला. रखुमाई रुसते, माफ करते. त्या देवाच्या वाटेला जाऊ नको. चित्र मिळणार नाय.

आता शेवटचं ऐक. दोन बायका करणारे जगात हायेत, तू पहिला नायस. पण त्यातला चांगला मनुष्य पहिलीसमोर उभा राहून सांगतो. महडची जत्रा माघात हाय. तोवर मालोजीला मी थोपवलाय, खोटं सांगून नाय, खरं सांगून. तो कुऱ्हाड घेऊन मुंबईला निघाला होता, सोनानं अडवला. महडला ये. सोनासमोर बस. ठेवतो म्हण, नाय तर सोडतो म्हण. तिला तुझ्या तोंडून ऐकायचं हाय. तिचं एवढंच म्हणणं हाय आणि ते तिनं आपल्या हातानं लिहिलंय.

अंबाबाई


कर्जत, महडच्या जत्रेहून आल्यावर

चिरंजीव भिवाजी बुधाजी चितारी यास.

नाव बघितलंस? टिंबं नायत. बापाचं पण आलंय. मी म्हटलं, सगळं लिही, आता कुणाची अडचण नाय.

महडला तू आला नायस. सदू आला, तुझं लुगडं घेऊन. अंजिरी, रेशीमकाठी. म्हणाला, "शेठनी घरच्या बाईंसाठी पाठवलंय." आता त्याला आमी कोण ते कळलंय, बिचाऱ्याला मान वर करवत नव्हती. सोनानं लुगडं हातात घेतलं, काठ बघितला, घडी मोडली नाय. म्हणाली, "सदूभाऊ, बाळंतिणीला द्या. तिला लुगडं कुणी केलं नसंल." ह्यात टोमणा नव्हता, मी तिथंच होते. मला मात्र ते लुगडं तळ्यात भिरकावावंसं वाटलं.

मालोजी पंचांना घेऊनच आलता. जत्रा उलगडल्यावर धर्मशाळेच्या पडवीत बसलो. गोमाजी पाटील मधे. ते म्हणाले, "काडीमोड करायची तर काडी मोडायला नवरा पायजे." नवरा नाय. "मग त्याच्या घरचा बाप्या माणूस." बाप्या माणूस आणू कुठून? एक वर गेला, एक मुंबईला गेला. मग म्हणतात, पुढच्या वर्साला बघू, जावयाला निरोप धाडू, समजूत घालू. पुढच्या वर्साला! ह्यांचं काय जातं?

मी म्हटलं, "आणा ती काडी इकडं. मी मोडते."

गलका झाला बघ. बाईनं काडी मोडलेली जातीत कुणी ऐकली नाय म्हणे. म्हटलं, "मग आज ऐका. ज्यानं मोडायची त्याला मी पोटात वागवला, माझं दूध पाजलं, त्याला हातात कुंचला धरायला शिकवला. त्याच्या लग्नात अक्षता टाकायला माझा हात चालला, आणि त्याचं पाप निस्तरायला चालत नाय? पाटील, मी त्याच्याकडची हाय. माझ्याइतकं त्याच्याकडचं ह्या जगात दुसरं कोण हाय, दाखवा." गोमाजींनी खाली बघून गवताची काडी माझ्यापुढं सरकवली.

माझा हात कापतो, तुला ठाऊक हाय. काडी हिरवट होती. पहिल्या खेपेला नुसती वाकली. मालोजी उठायला लागला मदतीला, मी त्याला डोळ्यांनी बसवला. सोना समोर बसलेली. मला म्हणाली, "आत्याबाई, दमानं. घाई नाय." रंग भरताना म्हणते तशीच. दुसऱ्या खेपेला मोडली. मला वाटलं होतं मोडल्यावर हलकं वाटंल. नाय वाटलं. लग्नात ह्याच पोरीला मी ओवाळून उंबऱ्यातून आत घेतली होती.

सोनाच्या पाटाला स्थळ चौक गावचं हाय. बायको वारलेला, जातीतलाच, बैलगाड्या रंगवतो, शिंगांना रंग देतो. सोनानं त्याला एकच इचारलं, आमच्या सगळ्यांदेखत. "जत्रेला आत्याबाईंजवळ बसीन, चालंल?" तो म्हणाला, "मी पण बसंन, जागा असंल तर." जागा हाय. देवळाच्या माणसाला मी सांगून आले, माझ्या मागं साजगावची जागा सोनाची. कुणी मधे यायचं नाय, पोटचं असलं तरी.

मालोजी म्हणाला, पाट माझ्या घरून होईल. त्याच्याशी मी भांडले. सून म्हणून आणली ती ह्या घरात, मग लेक म्हणून जाईल ती पण ह्याच घरातून. लुगडं मी घेणार, ओटी मी भरणार. तो ऐकेना, मी ऐकेना, शेवटी सोनाच म्हणाली, "दादा, मी कर्जतहून जाईन." मग गप बसला.

नातू बघायचा हाय मला, भिवा. त्याच्या आईशी माझं वैर नाय. ती पण कुणाची तरी पोर, तिला तू काय सांगून ठेवलंयस ते देवाला ठाऊक. पावसाळा सरल्यावर पोराला घेऊन ये, त्याला मांडीवर घेईन, तुझ्याशी बोलंन का ते तेव्हा बघू.

पण हे पत्र लिहिणारी आता तुझी कुणी लागत नाय. माझी लेक लागते. ह्यापुढं मला जे काय कळवशील ते तिच्यासमोर वाचलं जाईल, तेव्हा लिहिताना माणसासारखं लिही.

पाट होळीनंतर हाय. तू येऊ नको. आमी मुलीकडचे हाओत, आणि नवऱ्या मुलाकडच्या मंडळींना मला सांगावं लागंल की हा कोण.

अंबाबाई